सातव्यांदा नांगर उचलला

शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस कोण? मेसमध्ये हा प्रश्न विचारला तर कुणालाच येईना. उत्तर आहे कॅप्टन जोशुआ स्लोकम. आणि गंमत म्हणजे या पठ्ठ्याला पोहता येत नव्हतं!

स्लोकमचा जन्म 1844 चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. वडील बूट शिवायचे. शाळा लहानपणीच सुटली. चौदाव्या वर्षी घरातून पळून तो मासेमारीच्या गलबतावर स्वयंपाकी झाला. तिथून शिकत शिकत मोठमोठ्या जहाजांचा कप्तान झाला. कुठली डिग्री नाही, काही नाही.

पुढे मात्र दिवस फिरले. 1884 मध्ये बायको व्हर्जिनिया वारली. 1887 मध्ये स्वतःचं जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यात वाफेची जहाजं आली आणि शिडाच्या कप्तानांना कोणी विचारेना. वयाच्या 48 व्या वर्षी स्लोकम बेकार होता. ज्या कामात तो एक्सपर्ट, ते कामच जगातून चाललं होतं. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये आपल्याला जी धडकी भरते, तिच्यापेक्षा ही किती मोठी असेल!

1892 मध्ये एका मित्राने त्याला एक जहाज देऊ केलं. जाऊन बघतो तर काय, शेतात पडलेली जुनी, मोडकी होडी! नाव ‘स्प्रे’. स्लोकमने ती 13 महिने राबून स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधली. खर्च 553 डॉलर 62 सेंट. लांबी जेमतेम 37 फूट, रुंदी मात्र 14 फूट. इंजिन नाही. 24 एप्रिल 1895 ला तो बॉस्टनहून निघाला.

खरी परीक्षा झाली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर. डोंगरावरची थंड, जड हवा अचानक खाली कोसळते. या झोतांना तिथे विलीवॉ म्हणतात. भर समुद्रात वादळ आलं तर होडी वाऱ्याबरोबर सोडून देता येते. किनाऱ्याजवळ ती सोय नाही, थोडं वाहवलं की खडक.

आता थोडं मेकॅनिक्स. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. वारा आपल्या हातात नसतो, हातात असतं शिडाचं क्षेत्रफळ. शीड गुंडाळून लहान केलं की जोर कमी होतो. शिवाय तो खालच्या बाजूला लागतो, म्हणून होडी कमी कलते. स्लोकमने ब्वेनोस आयरेसमध्येच डोलकाठी सात फुटांनी कापून ठेवली होती! फेब्रुवारी 1896 मध्ये सामुद्रधुनीत शिरताच वादळ येताना दिसलं, तेव्हा ते पोचायच्या आत त्याने शिडं लहान केली. ते 30 तास चाललं, पण स्प्रे मागे रेटली गेली नाही.

3 मार्चला तो पॅसिफिकमध्ये पोचला आणि दुसऱ्या वादळाने त्याला केप हॉर्नच्या दिशेने ढकललं. या वेळी त्याने सगळी शिडं उतरवली, सुकाणू बांधून टाकलं आणि मागे दोन लांब दोर पाण्यात सोडले. दोरांमुळे होडी सरळ राहते आणि मागून येणाऱ्या लाटांचा जोर मोडतो. नंतर रात्रभर फुटणाऱ्या लाटांतून, खडकांमधून वाट काढत तो वाचला. पण पोचला कुठे? परत त्याच सामुद्रधुनीत! सगळा पेपर पुन्हा पहिल्यापासून!

पुढे पोर्ट अँगोस्टो बंदरातून तो सहा वेळा निघाला आणि वाऱ्याने सहाही वेळा परत पाठवला. मला स्लोकमची हीच गोष्ट सगळ्यात आवडते. त्याने खोटी मर्दुमकी दाखवली नाही. वारा जास्त आहे, तर परत फिरायचं, नांगर टाकायचा, दोर-शिडं तपासायची आणि वाट बघायची. 13 एप्रिल 1896 ला त्याने सातव्यांदा नांगर उचलला आणि या वेळी तो निघालाच. 46,000 मैल फिरून 27 जून 1898 ला तो अमेरिकेत न्यूपोर्टला पोचला.

1909 च्या सुमारास स्लोकम त्याच स्प्रेतून पुन्हा एकटा निघाला. ना तो परत आला, ना होडी सापडली. समुद्राने शेवटी त्याला नेलंच. पण त्याने दाखवलेली वाट राहिली. 2009-10 मध्ये आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने जग फिरून आले. असं करणारे ते पहिले भारतीय.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण एका केटीने खचतात, रूमचं दार लावून बसतात. अशा वेळी पोर्ट अँगोस्टो आठवा. परत फिरणं म्हणजे बुडणं नव्हे. शीड थोडं लहान करा, शेजारच्या रूमचं दार वाजवा, आणि वारा उतरला की पुन्हा नांगर उचला.