कर्ज फेडणारा ऑलिम्पिकवीर

स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः पैलवान असल्याने कुस्तीचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले. लाल मातीत घडलेल्या खाशाबांना तिथली मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. या अनुभवाने त्यांची जिद्द अधिकच वाढली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड झाली, पण प्रवासखर्चाची मोठी अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी हा विश्वास सार्थ ठरवला. बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना त्यांनी नमवले. जपानच्या शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या नावावर लागले.

दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि कौतुकाचा ओघ तिकडे वळला. कराडकर मात्र आपल्या पैलवानाला विसरले नाहीत. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांनी खाशाबांना गावी नेले. सत्कारांत रमून न जाता खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्यानंतर भारताच्या पुढच्या वैयक्तिक पदकासाठी १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. खाशाबांनी गावाचे आणि गुरुजनांचे ऋण काही काळातच फेडले. देशाला मात्र त्यांचे ऋण मान्य करण्यास त्यांच्या मृत्यूनंतरही दीड दशकाहून अधिक काळ लागला.