दीनबंधू अँड्र्यूज आणि युद्धाचा प्रश्न

आमच्या बडोद्यात फत्तेगंजाकडे गेले म्हणजे जुन्या कॅम्पातले चर्च लागते. इंग्रज छावणीसाठी ते बांधले गेले आणि १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी त्याची प्रतिष्ठा केली. लहानपणी त्या वाटेने जाताना मला एक कोडे पडे. शत्रूवरही प्रेम करा असे शिकविणाऱ्या ख्रिस्ताचे मंदिर फौजेच्या छावणीत कसे? आमच्या घरी एक पितळी पेटी होती. तीत आजोबांच्या धाकट्या भावाचे पदक असे. ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले होते. त्यामुळे हे कोडे केवळ परधर्माचे म्हणून बाजूला सारणे मला जमले नाही. पुढे चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे चरित्र वाचले, तेव्हा ते थोडेफार उलगडले.

ख्रिस्ती धर्मात ह्या प्रश्नावर पहिल्यापासूनच दोन वाटा आहेत. टर्टुलियनसारख्या आरंभीच्या लेखकांना सैनिकाचा पेशा ख्रिस्तभक्ताला वर्ज्य वाटे. चौथ्या शतकात रोमचा सम्राटच ख्रिस्ताच्या बाजूला आला आणि राज्य राखण्याची जबाबदारी ह्या धर्माच्या अंगावर पडली. मग संत ऑगस्टीन यांनी न्याय्य युद्धाचा विचार मांडला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्याला तीन अटी घातल्या: युद्ध राजसत्तेने पुकारलेले असावे, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. रोमन कॅथलिक आणि बहुतेक मोठे प्रॉटेस्टंट पंथ ह्याच वाटेने गेले. मेनोनाइट आणि क्वेकर यांनी मात्र पहिली वाट धरली आणि त्यासाठी छळ सोसला. इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी सदतिसावे कलम तर राजाज्ञेने शस्त्र धरण्याची मुभा स्पष्टच देते.

ह्याच चर्चची दीक्षा अँड्र्यूज यांनी घेतली. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी न्यूकॅसल येथे झाला. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते आणि ब्रिटिश साम्राज्याचे कट्टर अभिमानी. केंब्रिजचे शिक्षण, लंडनच्या गरीब वस्तीतील सेवा असा प्रवास करीत अँड्र्यूज २० मार्च १९०४ रोजी हिंदुस्थानात आले. तो दिवस ते आपला दुसरा जन्मदिवस मानीत. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचे प्राचार्यपद आपल्याकडे येत असता त्यांनी ते सुशीलकुमार रुद्र यांना मिळावे म्हणून आग्रह धरला. १९१३ साली आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना दक्षिण आफ्रिकेस जाण्याची गळ घातली. १९१४ च्या जानेवारीत डर्बनच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांना हात लावला. तेथील गोऱ्यांना त्याचा मोठा संताप आला. त्याच वर्षी ते शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ राहावयास गेले. धर्मगुरू म्हणून विधी करणेही त्यांनी थांबविले. त्याचे कारण मात्र युद्ध नव्हते. मतप्रतिज्ञेतील काही वचने त्यांना मनापासून उच्चारता येईनात.

तोच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. लंडनचे बिशप विनिंग्टन-इनग्रॅम यांनी व्यासपीठावरून त्याला धर्मकार्याचे रूप दिले. शत्रुपक्षाच्या जर्मनीतही चर्चमधून विजयाच्या प्रार्थना चालल्याच होत्या. शांततेच्या प्रतिज्ञेने बांधलेल्या क्वेकर समाजातही एकमत राहिले नाही. सैन्यात जाण्याजोग्या वयाच्या त्यांच्या पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश शेवटी भरती झालेच. अँड्र्यूज यांनी मात्र ख्रिस्ताचा मार्ग शस्त्राचा नव्हे असा निश्चय केला. हा निश्चय करून ते घरी बसले नाहीत. युद्ध ऐन भरात असता १९१५ साली ते आपले मित्र पिअर्सन यांच्यासह फिजीला गेले, १९१७ मध्ये पुन्हा गेले. करारबद्ध मजूर म्हणून साठ हजारांहून अधिक हिंदी माणसे त्या बेटांवर नेली गेली होती. त्यांच्या चाळींतून हिंडून अँड्र्यूज यांनी त्यांची दैना जगापुढे आणली. १९१७ मध्ये मजूरभरती बंद झाली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करारही रद्द झाले. दीनबंधू हे नाव त्यांना शोभले ते अशा कामामुळे.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती बडोद्यापासून फार दूर नसलेल्या नडियादेत. १९१८ साली व्हाइसरॉयांनी दिल्लीस युद्धपरिषद बोलाविली. इंग्लंडने इटलीशी गुप्त तह केल्याच्या बातम्या अँड्र्यूज यांनी गांधीजींना दाखविल्या आणि अशा परिषदेत भाग घेणे कितपत नैतिक, असा प्रश्न केला. तरीही गांधीजी परिषदेस गेले, आणि पुढे नडियादला मुक्काम करून खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायी हिंडले. ज्या शेतकऱ्यांनी सत्याग्रहात गाड्या फुकट दिल्या होत्या, ते आता भाड्यानेही गाडी देईनात! अँड्र्यूज यांनी पत्रांतून आपला विरोध कळविला. गांधीजींची बाजू अशी होती की ज्याच्या अंगी मारण्याचे बळच नाही त्याच्या अहिंसेला अर्थ नाही, आणि ज्या राज्याचे संरक्षण घ्यावयाचे त्याच्या संकटात वाटा उचलला पाहिजे. अँड्र्यूज यांना हे पटले नाही. केवढा हा विपर्यास! राजमान्य चर्चचा पाद्री शस्त्राला नकार देतो आणि अहिंसेचा उपासक सैनिक गोळा करतो. पण दोघांची मैत्री ढळली नाही. ते एकमेकांना चार्ली आणि मोहन म्हणत राहिले.

पुढे १९३० साली लँबेथच्या परिषदेत जमलेल्या अँग्लिकन बिशपांनी राष्ट्राराष्ट्रांतील तंटे युद्धाने सोडविणे ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत ठरविले. सदतिसावे कलम मात्र कायमच राहिले. ५ एप्रिल १९४० रोजी अँड्र्यूज कलकत्त्यास निवर्तले, तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होऊन सात महिने झाले होते.

चर्चांमध्ये हा मतभेद का, याचा मी पुष्कळ विचार केला. एक पक्ष विचारतो, ख्रिस्त कसा वागला? दुसरा विचारतो, शेजाऱ्याच्या दारात दरोडेखोर आला तर त्याच्या लेकरांना वाचवील कोण? दोन्ही प्रश्न प्रेमातूनच निघतात, म्हणून कोणी कोणाला खोटे पाडू शकत नाही. अँड्र्यूज पहिल्या पक्षाचे. पण शेजाऱ्याची लेकरे त्यांनी वाऱ्यावर सोडली नाहीत. शस्त्र नाकारणाऱ्याला दुसरीकडे कोठे तरी किंमत मोजावी लागते, आणि त्यांनी ती मोजली. ती न मोजता जो नुसता शांततेचा उपदेश करतो, त्याच्यापेक्षा मला आमच्या पेटीतले ते पदक अधिक प्रामाणिक वाटते. ते मी अजून जपून ठेवले आहे. मात्र ते हाती घेतले की दीनबंधूंची आठवण आल्यावाचून राहत नाही.