सांखवाळहून निघालेला तरुण

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. ज्या घरात वडीलधारे जाणते असतात तेथे तो दोन दिवसांत सुटतो. परंतु ज्यांना सांगणारे कोणी नाही, किंबहुना ज्यांच्या घरच्यांना मुलाचे मागणेच कळत नाही, त्यांनी कोणाच्या दारी जावे? अशा वेळी आम्हांस सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींची आठवण होते.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेला हा मुलगा प्रकृतीने अशक्त. शिक्षण गावच्या मराठी शाळेपुरते, तेही खंडित. लहानपणीच लग्न झालेले आणि पुढ्यात नारळाची बागाईत. शिंपणे, पाडेली, भाव यांतच आयुष्य जायचे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यात गैर काही नव्हते. पण त्याचे मन त्यात नव्हते. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्रावरील लेख त्याच्या वाचनात आला आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकावयाचा, या इच्छेने त्याला झपाटले. तो कोठे शिकवितात, कोणत्या भाषेत, हे सांगणारा माणूस त्या काळच्या गोव्यात त्याला भेटणे शक्य नव्हते.

१८९९ अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तान्ही मुलगी व पत्नी बाळाबाई यांना मागे ठेवून तो निघाला. पुण्यात डॉ. भांडारकरांचा आश्रय मिळाला, तेथून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीस अन्नछत्रात जेवून गंगाधरशास्त्री तेलंगांकडे संस्कृताचे अध्ययन केले. बौद्धधर्माच्या शोधात नेपाळ गाठले, तर तेथील अवस्था पाहून निराशा पदरी आली. मग बुद्धगया आणि तेथून सिंहलद्वीप! कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या पायांशी १९०२ मध्ये त्याला अखेर पाली भाषा सापडली. जेथे पोहोचावे तेथे पुढच्या मुक्कामाची चौकशी करावी, एवढेच त्याचे नियोजन होते. चुकलेला मुक्कामही त्याने वाया जाऊ दिला नाही.

पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. कलकत्त्यास पालीचे अध्यापन करीत असता महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी तेथील जास्त पगार सोडला व सयाजीराव महाराजांची दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली. १९१० साली ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. श्रेयाच्या प्रश्नावर तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसले, तेव्हा ते १९१२ साली परत आले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांच्या हाताखाली पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी तयार झाले. ज्या विद्येसाठी गुरूला समुद्रापार जावे लागले, ती पुण्याच्या मुलांना वर्गात बसून मिळाली.

तथापि या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. घरचा आधार नसताना कोसंबी मोठे झाले, असे म्हणण्याची प्रथा आहे. मग बाळाबाईंनी दिला तो काय होता? सुमारे सात वर्षे पती परागंदा, पदरी मूल, आणि तो परत येईल याची कोणतीच खात्री नाही. त्या काळच्या आमच्या समाजात अशा स्त्रीच्या वाट्याला काय येत असेल, हे वाचकांस सांगावयास नको. १९०६ साली ते गोव्यात आले, संसार पुन्हा सुरू झाला. पण अमेरिका, रशिया, मिठाचा सत्याग्रह अशा निमित्तांनी तो वारंवार मोडतच राहिला. पुत्र दामोदर १९०७ साली जन्मला आणि पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगास ठाऊक झाला. धर्मानंदांनी आपले ‘निवेदन’ १९२४ साली प्रसिद्ध केले. बाळाबाईंनी आपले लिहिले असते तर ते कसे झाले असते, असा विचार ते पुस्तक मिटताना प्रत्येक वेळी मनात येतो.

प्रकृती पार खालावल्यावर धर्मानंदांनी सेवाग्रामच्या आश्रमात अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. स्वातंत्र्य अवघ्या अडीच महिन्यांवर होते. सांखवाळला मात्र आणखी चौदा वर्षे थांबावयाचे होते.