नगरपालिकेचे सभासद जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांस अपरिचित आहे असे मुळीच नाही. आपल्या कित्येक घरांत त्यांची तसबीर आहे; ११ एप्रिल व २८ नोव्हेंबर हे दिवस आपण आदराने पाळतो. मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी मोकळा केलेला हौद, सत्यशोधक समाजाची स्थापना या गोष्टी आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. तथापि या थोर पुरुषाने आपल्या आयुष्यातील काही उमेदीची वर्षे पुणे नगरपालिकेच्या बैठकांत, रस्ते, दिवे, गटारे, जकात अशा रुक्ष विषयांत घालविली, याचे स्मरण फारच थोड्यांस असते. यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची हीच बाजू वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण व मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम या घराण्याकडे आले आणि त्या धंद्यावरूनच फुले हे नाव पडले. जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. ते वर्षाचे होण्यापूर्वीच मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या व सगुणाबाईंनी त्यांचा मायेने सांभाळ केला. वडील गोविंदराव यांनी मुलास शाळेत घातले खरे, परंतु लोकांच्या सांगण्यावरून मध्येच काढूनही घेतले. काही काळ जोतीराव मळ्यात राबले. पुढे गफ्फार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. एका माळ्याच्या मुलाची पाटी त्या दोन परधर्मीय गृहस्थांनी पुन्हा हाती दिली, हे आपण विसरता कामा नये.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली व पत्नी सावित्रीबाई यांना शिक्षिका केले. त्यापायी दोघांनाही घर सोडावे लागले. १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात त्यांचा जाहीर सत्कार केला. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला. हे सर्व चालू असता उपजीविकेसाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा संबंध होता. दगड, चुना, मजुरी यांचा खरा भाव त्यांना कागदावरून नव्हे, तर अनुभवावरून ठाऊक होता. सार्वजनिक बांधकामांत मजुरांची कशी लूट होते, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हे व्यावहारिक ज्ञान घेऊन १८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले व १८८२ पर्यंत त्या जागी राहिले.

त्या काळची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती, हे तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८८२ सालचा, आणि मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत लोकांनी निवडलेल्या सभासदांना रीतसर स्थान देणारा कायदा १८८४ सालचा. त्यापूर्वीचे सभासद सरकार नेमीत असे. कारभारावर सरकारी अधिकाऱ्यांचे वजन असे, आणि नेमलेल्या सभासदांत सरदार, सावकार, पेन्शनर असे वजनदार गृहस्थ असत. सरकारच्या मर्जीने मिळालेल्या खुर्चीवर बसून सरकारच्या मर्जीविरुद्ध बोलणे हे सोपे काम नव्हते.

बैठकीपुढे येणारे विषय मात्र अगदी रोजचे. कोणत्या पेठेतील रस्ता झाडला गेला नाही, कोठे दिवे लागत नाहीत, कोणत्या गल्लीतील मैला उचलला नाही, विहिरीचे पाणी का नासले, घर बांधण्यास परवानगी द्यावी की नाही. या कामांसाठी लागणारा पैसा मुख्यतः जकातीतून येई. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कर. वाड्यात राहणारा ती हाताने देत नसे. परंतु धान्य, तूप, सरपण महाग झाले की तिचा भार मोलमजुरी करणाऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचे. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे जोतीरावांची त्या सभेतील वागणूक नीट उलगडते. खर्चाचा प्रत्येक आकडा पाहताना हा पैसा कोणाच्या घरून आला, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे असे, असे आम्हांस वाटते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण व्हाइसरॉयच्या पुणेभेटीचे. त्यांच्या स्वागतासाठी व मानपत्रासाठी नगरपालिकेने १००० रुपये खर्च करावेत अशी सूचना आली. दुष्काळाच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीरावांनी व सत्यशोधक मंडळींनी धनकवडी येथे निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते; भुकेली मुले त्यांनी जवळून पाहिली होती. हा पैसा मानपत्रावर न उधळता गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे पडले. मत घेण्याची वेळ आली. सभासद ३२ होते. सूचनेविरुद्ध मत पडले ते एकट्या जोतीरावांचे! सूचना मंजूर झाली व पैसे खर्चही झाले. व्यवहारी माणूस म्हणेल की त्या एका मताने काय साधले? आम्ही म्हणतो, बाकीची मते कोणाची होती हे आज सांगता येणे कठीण. परंतु ते एक मत कोणाचे होते, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न दारूच्या दुकानांचा. शहरात गुत्ते वाढत चालले होते व गरीब वस्तीतील संसार त्यांपायी उद्ध्वस्त होत होते. जोतीरावांनी १८८० साली नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार केली. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका एका हाताने पैसा खर्च करते आणि त्याच लोकांचे आरोग्य व नीती बिघडविणारी दुकाने डोळ्यांदेखत वाढतात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. दारूचे उत्पन्न सरकारचे होते. परवाने देणे हे नगरपालिकेच्या हाती नव्हते. तरीही, आपल्या अधिकारात नाही म्हणून गप्प बसावे, हा सोयीचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

तिसरा प्रश्न मंडईचा, आणि तो आपल्या ज्ञातीच्या काळजाजवळचा. त्या काळी भाजीपाल्याचा बाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरे. पहाटे मळ्यातून निघालेल्या बायाबापड्या डोक्यावर पाट्या घेऊन येत व तेथेच जमिनीवर बसून विक्री करीत. या बाजारासाठी भव्य दगडी इमारत बांधण्याचा बेत निघाला. जोतीरावांनी त्यास विरोध केला. त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर यांचेही मत तसेच होते. एवढी मोठी रक्कम इमारतीवर न घालता बहुजनांच्या शिक्षणाकडे वळवावी, असा त्यांचा आग्रह होता. भाजी विकणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या माणसाने मंडईस विरोध करावा, याचे कोणास नवल वाटेल. आम्हांस वाटत नाही. मेथीच्या चार जुड्या विकून मीठमिरची नेणाऱ्या बाईला गाळ्याचे भाडे काय पडते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पुरते जाणले आहे.

येथेही जोतीरावांचे चालले नाही. मंडई बांधली गेली. १८८६ साली ती पूर्ण झाली व गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. इमारत देखणी झाली, शहराची सोय झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. थोर पुरुषाचा प्रत्येक आक्षेप पुढील काळाने उचलून धरलाच पाहिजे असे नाही. परंतु आक्षेपामागील प्रश्न तेवढ्याने खोटा ठरत नाही.

नगरपालिकेतील मुदत संपली तरी तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून झाला. ११ मे १८८८ रोजी मुंबईस लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. सावित्रीबाईंनी कार्य पुढे चालविले आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता देह ठेवला.

पुढे १९४० च्या सुमारास आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत होते. त्या काळात रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे ठेवण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चास त्यांनी हरकत घेतली, तिच्यावरच त्यांचे नाव लागावे, हा काळाचा चमत्कारच म्हणावयाचा!

आज आपल्या ज्ञातीतील अनेक बंधुभगिनी गावोगावच्या नगरपालिकांत निवडून जातात. त्यांचे हारतुरे घालून सत्कार होतात. आम्हांसही त्याचा अभिमान वाटतो. परंतु नावाची पाटी व कोनशिला यांच्या मोहात सापडण्यापूर्वी त्यांनी मंडईच्या दारात क्षणभर उभे राहावे आणि त्या नावाच्या माणसाने सभेत काय विचारले होते ते आठवावे. पुढील बैठकीत खर्चाचा कागद हाती येईल, तेव्हा हा पैसा कोणाच्या घरून आला असे विचारणारा एक तरी सभासद आपल्यातील असावा, एवढीच आमची नम्र अपेक्षा आहे. त्याचे मत एकटे पडले तरी चिंता नाही.