चिंतामणरावांचा राजीनामा

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची गोष्ट घराघरांत सांगितली जाते ती आचार्य अत्र्यांच्या गाजलेल्या सभांची, एसेम आणि डांगे यांच्या एकाच व्यासपीठावर येण्याची आणि गोळीबारात पडलेल्या माणसांची. चिंतामणराव देशमुखांच्या वाट्याला या गोष्टीत एक वाक्य येते : त्यांनी मुंबईसाठी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. वाक्य खरेच आहे. पण मला ते नेहमी अपुरे वाटत आले आहे. ज्या माणसाचा स्वभावच मुळी राजीनामा देण्याचा नव्हता, त्याने तो का दिला, हे त्यातून कळत नाही.

रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकिली करीत. १९१२ साली मॅट्रिकला सबंध मुंबई इलाख्यात पहिले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले आणि १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. (आपल्याकडे हुशार मुलाचे चरित्र गुणपत्रिकेपाशीच संपते. इथे निदान ती सुरुवात आहे.) मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरी झाली आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते मुंबईत आले. पुढल्याच वर्षी ब्रेटन वुड्सची ती प्रसिद्ध परिषद भरली. नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथे जन्मली, तिथे पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानची बाजू मांडणाऱ्यांत ते होते. फाळणी झाली तेव्हा बँकेच्या मालमत्तेची दोन देशांत वाटणी करण्याचे किचकट कामही त्यांच्याच कारकिर्दीत झाले. आणि आकड्यांच्या या माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले.

१९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थखाते दिले. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडूनही आले. पण ते मतांच्या राजकारणातले गृहस्थ नव्हते. टिपण वाचावे, नियम पाहावा, मत लिहावे आणि निर्णय झाला की तो अमलात आणावा, अशी त्यांच्या हाताला वळण लागलेली शिस्त होती. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई आंध्रातल्या स्वातंत्र्यसैनिक आणि घटना समितीच्या सदस्य. सरकारी शिस्तीत मुरलेल्या चिंतामणरावांना चळवळीतले माणूस घरात मिळाले, असे मला हे वाचताना वाटते.

आता १९५६ चा जानेवारी. १६ तारखेला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली आणि मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या. आठवडाभरात पाऊणशेच्या आसपास माणसे गेली. त्याच आठवड्यात, १९ तारखेला, चिंतामणरावांचा आवाज रेडिओवरून देशभर गेला : आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला होता. महिनोन् महिने कमालीच्या गुप्ततेने रचलेले ते काम त्यांच्या कारकिर्दीतले बहुधा सर्वांत मोठे. एकीकडे आयुष्यभराच्या कामाचे फळ हाती येत होते, तर दुसरीकडे आपल्या माणसांची प्रेते उचलली जात होती.

पद सोडण्याचा विचार त्यांनी जानेवारीतच पंतप्रधानांना कळवला होता. मग जुलैपर्यंत थांबले कशाला, असे तेव्हा विचारले गेले, आजही विचारले जाते. माझ्या मते थांबले ते योग्यच केले. अंदाजपत्रक तोंडावर होते, विम्याचा कायदा संसदेतून पार पडायचा होता. अर्धवट हिशेब दुसऱ्याच्या गळ्यात टाकून निघून जाणे त्यांना जमले नसते. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत पुन्हा जाहीर केले की शहर पाच वर्षे केंद्रशासित राहील. त्यानंतर मात्र ते राहिले नाहीत. जुलैच्या अखेरीस राजीनामा मंजूर झाला आणि त्यांनी लोकसभेत निवेदन केले.

त्या निवेदनात मुंबई महाराष्ट्राची, हे तर होतेच. पण मला महत्त्वाचे वाटतात ते दुसरे दोन मुद्दे. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळासमोर रीतसर न येताच जाहीर होतो, ही त्यांची पहिली तक्रार. गोळीबाराची चौकशी नाकारली जाते, ही दुसरी. नेहरूंनी पहिली तक्रार मान्य केली नाही. धोरण सांगण्याचा पंतप्रधानाचा अधिकार त्यांनी पुढे केला. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या नेहरूंसमोर, भर सभागृहात, त्यांच्याच अर्थमंत्र्याने कारभाराची रीत काढली, हे त्या दिवसांत सोपे नव्हते. नेहरूंविषयी त्यांच्या मनात आदर होता, म्हणून तर ते अधिकच अवघड.

राजीनाम्याने मुंबई मिळाली का? लगेच नाही. ऑगस्टमध्ये द्विभाषिकाचा तोडगा निघाला, १ नोव्हेंबरला ते राज्य आले आणि पुढली साडेतीन वर्षे लढा रस्त्यावरच्या माणसांनी लढवला. १९५७ च्या निवडणुकीत कुलाबाही काँग्रेसच्या हातून गेला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. जानेवारीतल्या गोळीबाराची चौकशी मात्र मोरारजींच्या सरकारने नेमलीच नाही. हुतात्मा चौकातल्या स्मारकाशी आपण नातवंडांना नेतो, नावे वाचून दाखवतो. गोळी चालवण्याचा हुकूम कोणत्या परिस्थितीत सुटला, त्याची गरज होती का, हे एखाद्या न्यायमूर्तीने साक्षीपुरावे घेऊन लिहून ठेवलेले नाही. चिंतामणरावांनी मागितले होते ते एवढेच.

पुढची वर्षे त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळ आणि दिल्ली विद्यापीठ यांना दिली. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आला. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि गिरी-रेड्डींच्या लढाईत तिसरे आले. १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबादेत चिंतामणरावही गेले.