बाकावर बसलेला बाप

मे महिन्याची सुट्टी लागली, मनोरंजन पार्कला जायचं ठरलं, की घरोघरी एकच वाद. थोरल्याला उंचावरून धाडकन खाली येणारी राइड हवी, धाकटीला गोल फिरणारे घोडे, आजींना बसायला सावली. आणि आईला काय हवं? ते कुणी विचारतच नाही! पर्स, पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत ती आपली बाकावर. मैत्रिणींनो, असाच बाकावर बसून कंटाळलेला एक बाप अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव वॉल्ट डिस्ने.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१चा, शिकागोतला. चार वर्षांचा असताना घरचे मिसुरी राज्यातल्या मार्सेलीन नावाच्या छोट्या गावी शेती करायला गेले. झाडं, जनावरं, गावातून जाणारी आगगाडी, हे दिवस तो कधीच विसरला नाही. पण शेती टिकली नाही. १९११मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आलं. वडील एलायस कडक स्वभावाचे. त्यांनी वर्तमानपत्रांची लाइन घेतली आणि दहा वर्षांचा वॉल्ट पहाटे साडेतीनला उठून, बर्फातसुद्धा, घरोघरी पेपर टाकू लागला. खेळायचं वय असं निघून गेलं.

पुढे त्याने चित्रांचा धंदा काढला, तो १९२३मध्ये बुडाला. त्याच वर्षी तो हॉलिवूडला गेला आणि थोरला भाऊ रॉय याच्याबरोबर स्टुडिओ उभा केला. तिथेच चित्रांना शाई करणारी लिलियन भेटली, १९२५मध्ये लग्न झालं. १९२८मध्ये त्याचं गाजलेलं ‘ओसवाल्ड’ हे सशाचं पात्र हक्कांच्या भांडणात हातचं गेलं. त्यातून जन्मला मिकी माउस. वॉल्टने ठरवलेलं ‘मॉर्टिमर’ हे नाव लिलियनला आवडलं नाही, म्हणून ‘मिकी’ झालं, असं सांगतात. १९३७मध्ये ‘स्नो व्हाइट’ आला आणि घरात पैसा आला. त्या पैशातून दोघा भावांनी आईवडिलांना घर घेऊन दिलं. १९३८मध्ये त्याच घरात भट्टीचा विषारी वायू कोंडून आई गेली. हे दुःख वॉल्टने आयुष्यभर मनात ठेवलं. तो देवमाणूस होता असंही नाही. १९४१मध्ये त्याच्याच कलाकारांनी संप केला, तेव्हा तो फार कडवटपणे वागला.

पण बाप म्हणून तो हळवा होता. थोरली डायान १९३३ची, दत्तक घेतलेली शॅरन १९३६ची. दोघींना घेऊन तो सुट्टीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जायचा. मुली घोड्यांवर गोल फिरायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. तिथेच त्याच्या मनात आलं, की मोठ्यांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी?

लिलियनला कल्पना पसंत नव्हती. असल्या बागा घाणेरड्या असतात, असं तिचं म्हणणं. रॉयला खर्चाची धास्ती. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढलं, सुट्टीसाठी बांधलेलं घर विकलं, टीव्ही कंपनीशी करार केला. अनाहाइमच्या संत्र्यांच्या बागांच्या जागी, वर्षभरात, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून डिस्नेलँड उभं राहिलं. १७ जुलै १९५५ला उद्घाटन झालं आणि फजिती झाली! खोट्या पासांवर भरमसाट गर्दी शिरली, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले, उन्हाने डांबर वितळून बायकांच्या टाचा रुतल्या.

वॉल्ट खचला नाही. तो स्वतः बागेत फिरायचा, रांगेत उभा राहायचा. उकिडवं बसून लहान मुलाला इथून काय दिसतं ते बघायचा. लिलियनची तक्रारही त्याच्या ध्यानात होती. जागोजागी कचऱ्याचे डबे आणि सतत झाडलोट, हा तिथला नियमच झाला. छोट्यांसाठी उडणारा डंबो हत्ती, मोठ्या मुलांसाठी १९५९मध्ये मॅटरहॉर्नची घसरगाडी आणि सगळ्यांनी मिळून बसायला बागेभोवती फिरणारी आगगाडी. हो, मार्सेलीनचीच ती आठवण!

सिगारेटचं व्यसन मात्र सुटलं नाही. १५ डिसेंबर १९६६ला, ६५व्या वर्षी, फुफ्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. फ्लोरिडातलं दुसरं पार्क रॉयने निवृत्ती लांबवून पुरं केलं. १९७१च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडलं आणि डिसेंबरात रॉयही गेला.

तेव्हा यंदा पार्कची सहल ठरवताना वॉल्टसारखा विचार करा. मुलांची उंची घरीच मोजा. मोठ्या राइडना उंचीची अट असते, आणि दारात जाऊन ‘तू लहान आहेस’ ऐकलं की रडारड ठरलेली. प्रत्येकाला एकेक राइड निवडू द्या. थोरल्याबरोबर बाबा गेले, तर धाकटीबरोबर तुम्ही. मग अदलाबदल. दुपारच्या उन्हात सगळ्यांनीच सावलीत डबा उघडा. आणि आजीपासून नातीपर्यंत सगळे मिळून बसतील अशी एक तरी फेरी आधीच ठरवून ठेवा. त्या वेळी पर्स मांडीवर घ्या, पण बाकावर बसून राहू नका!