कोटीतीर्थाकाठचा चित्रकार : आबालाल रहिमान

आपल्या शाळेची मुले सहलीच्या निमित्ताने रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल संग्रहालय पाहावयास जातात, तेव्हा राजस्थानी लघुचित्रांच्या दालनात त्यांची पावले हमखास रेंगाळतात. शिकारीची चित्रे तर त्यांच्या विशेष आवडीची. काही वर्षांपूर्वी अशाच एका चित्रासमोर सहावीतील एका मुलीने मला विचारले, की बाई, घोड्यावरच्या राजाचे नाव पाटीवर आहे, मग चित्र काढणाऱ्याचे का नाही? त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर मात्र कोल्हापूरचे आबालाल रहिमान सारखे आठवत राहिले. हीरक महोत्सवाच्या या स्मरणग्रंथात त्यांचे चरित्र सांगून मी ते राहिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे.

आबालालांचा जन्म 1860 च्या सुमारास कोल्हापुरातील एका मुस्लिम कुटुंबात झाला. कुराणाच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार करणे ही त्या घराण्याची परंपरा होती. अक्षराचे वळण, रेषेचा संयम आणि तासन्‌तास एकाग्र बैठक हे संस्कार त्यांना घरीच लाभले. त्यांना फार्सी-उर्दूचे उत्तम ज्ञान होते. इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीला भाषा शिकविण्याच्या निमित्ताने त्यांची चित्रे तिच्या दृष्टीस पडली आणि त्यातून त्यांचा मुंबईचा मार्ग मोकळा झाला, असे सांगितले जाते.

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कला विद्यालयात त्या काळी जॉन ग्रिफिथ्स यांची अमदानी होती. पाश्चात्त्य पद्धतीचे यथार्थदर्शन, शरीररचनेचा अभ्यास आणि छायाप्रकाशाचे गणित तेथे काटेकोरपणे शिकविले जाई. घरच्या लेखणीत मुरलेल्या आबालालांच्या हाताने ही नवी विद्या सहज आत्मसात केली आणि व्हाइसरॉयच्या नावाचे पदक मिळविले. असा विद्यार्थी मुंबईत राहता, तर व्यक्तिचित्रांच्या व्यवसायात त्याला पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही लाभली असती. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले.

1894 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. महाराज जसे समाजसुधारक, तसेच मल्लविद्येचे, हत्तींच्या साठमारीचे आणि शिकारीचे शौकीन. शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याचा कोल्हापूरचा प्रघात दूरवर प्रसिद्ध होता. सोनतळी कॅम्पावर शिकारी कुत्री, घोडे, चित्ते आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान यांचा राबता असे. गुणी माणसाची महाराजांना अचूक पारख होती. त्यांनी आबालालांना दरबारी चित्रकार नेमले. व्यक्तिचित्रांबरोबरच शिकारीची आणि जनावरांची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. माणूस सांगितल्यावर स्थिर बसतो, जनावर बसत नाही. त्याची चाल, दबा धरल्यावर येणारा अंगातला ताण हे सर्व डोळ्यांत साठवून नंतर कागदावर उतरवावे लागते.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये सर एडविन लँडसीयर हा चित्रकार कुत्र्यांच्या आणि हरणांच्या चित्रांमुळे घराघरात पोहोचला होता. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील सिंह त्यानेच घडविले. व्हिक्टोरिया राणीने त्याला सर ही पदवी दिली. पण राजाश्रयापेक्षाही त्याला तारले ते छापखान्याने. त्याच्या चित्रांच्या मुद्रित प्रती हजारो घरांच्या भिंतींवर लागल्या. आबालालांनाही राजाश्रय होता. मात्र त्यांची चित्रे घरोघर नेणारा छापखाना त्यांच्या वाट्याला आला नाही आणि त्यांनीही तो शोधला नाही.

दरबारचे काम संपले, की आबालाल आपल्या आवडीच्या कामाला लागत. कोटीतीर्थ तलावाच्या काठी त्यांचे वास्तव्य होते. तो तलाव, रंकाळा, रंकाळ्यातील संध्यामठ, भोवतीची शेते आणि झाडी हे त्यांचे अखंड विषय. तेच पाणी त्यांनी पहाटे पाहिले, भर दुपारी पाहिले, पावसाळी संध्याकाळी पाहिले आणि प्रत्येक वेळी निराळे रंगविले. रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवून प्रकाशाचा भास निर्माण करण्याची त्यांची उत्तरकालीन रीत पाहून जाणकारांना फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची आठवण होते. आबालाल युरोपला कधी गेले नव्हते. एकाच तलावाकडे वर्षानुवर्षे पाहत राहिल्याने ते या रीतीपर्यंत पोहोचले, असे मला वाटते. राहणी फकिरी, चित्रे विकण्याची खटपट नाही आणि नावाचा हव्यास तर मुळीच नाही.

6 मे 1922 रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. आश्रयदाता आणि रसिक, दोन्ही एकदमच गेले. त्या शोकात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी हकिकत कोल्हापुरात आजही सांगतात. ज्या पाण्याने चित्रे दिली, त्यालाच ती परत केली, असे म्हणून आपण हळहळतो. परंतु ती चित्रे जपून ठेवणारे कोणी त्यांच्या भोवती का नसावे, हा प्रश्न त्या हळहळीने सुटत नाही. 28 डिसेंबर 1931 रोजी आबालालांनी देह ठेवला.

त्यांचे ऋण मात्र वाया गेले नाही. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून मराठी चित्रपटाचा पाया घालणारे बाबूराव पेंटर आणि त्यांच्या नंतरचे कितीतरी कोल्हापूरकर चित्रकार आबालालांना आदर्श मानीत. कोल्हापूरला निसर्गचित्रणाची जी परंपरा लाभली, तिचे मूळ त्यांच्यापाशी आहे. वाचलेली काही चित्रे तेथील टाऊन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतात.

हे लिहिताना मला एक कबुली द्यावीशी वाटते. परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला देण्याच्या कागदावर मी स्वतः अनेकदा सही केली आहे. वहीच्या मागच्या पानावर कुत्रा काढणाऱ्या मुलाला रागावलेही आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला तो राग आठवत असेल, तर त्यांनी मला क्षमा करावी. पालकांना एवढीच विनंती, की रद्दी काढताना मुलांच्या चित्रकलेच्या वह्या एकदा चाळून पाहाव्यात आणि चांगले चित्र आढळल्यास त्याखाली मुलाचे नाव व तारीख घालून ते जपावे. हीरक महोत्सवी वर्षापासून शाळाही तेच करणार आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.